क्रेडिट ट्रान्सफर होणं वेगळं आणि उपयोगी पडणं वेगळं

तुझा प्रश्न दोनदा नीट वाचला. एडिसनला राहतेस, वय ३२, ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं, पुण्यात बी.कॉम.ची दोन वर्षं झाली आणि लग्न होऊन इकडे आलीस म्हणून तिसरं राहून गेलं, मुलगा सहा वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे, आणि आता कम्युनिटी कॉलेजचं पहिलं सेमिस्टर चालू आहे. विचारलंयस की इथून स्पेशल एज्युकेशनच्या डिग्रीला ट्रान्सफर व्हायचं तर कुठले कोर्स घेऊ, ॲडव्हायझर अर्ली चाइल्डहूडचा प्रोग्रॅम सुचवतेय तो घेऊ का, पुण्याचे मार्क इथे धरतात का, आणि मधल्या काळात आरबीटी (ऑटिझमच्या मुलांच्या वर्तन-थेरपीतली टेक्निशियन) करू की शाळेत पॅरा (वर्गातली टीचरची मदतनीस) म्हणून लागू.

मी ह्याच वाटेने गेलेय, न्यू जर्सीतच. आधी कम्युनिटी कॉलेज, बरोबरीने चार वर्षं पॅरा, मग स्टेट युनिव्हर्सिटी, आणि आता पंधरा वर्षं झाली स्पेशल एड शिकवतेय, बहुतेक वर्षी एखादी स्टुडंट टीचर माझ्या वर्गात असते. त्यामुळे जरा लांबण लागेल पण तुझा एकही सेमिस्टर फुकट जाऊ नये असं मनापासून वाटतं म्हणून सगळंच लिहिते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. तू कोर्सपासून सुरुवात करतेयस, की ह्या सेमिस्टरला काय घेऊ, पुढच्याला काय. तसं करू नकोस. शेवटून मागे ये. आधी ठरव की हातात कुठलं सर्टिफिकेट हवंय, मग ते देणारा चार वर्षांचा प्रोग्रॅम कुठल्या दोन-तीन युनिव्हर्सिटीत आहे ते बघ, मग त्या प्रोग्रॅमला पहिल्या दोन वर्षांत काय झालेलं लागतं ते बघ, आणि तेवढंच कम्युनिटी कॉलेजात घे. कारण तुला सगळे एकच वाक्य सांगतील, "डोन्ट वरी, इट विल ट्रान्सफर." ते खोटं नसतं, क्रेडिट जातं. पण जाऊन कुठे बसतं हे कोणी सांगत नाही. तो कोर्स तुझ्या डिग्रीतल्या एखाद्या आवश्यक कोर्सच्या जागी बसला तर उपयोग, आणि नुसता "फ्री इलेक्टिव्ह" म्हणून ट्रान्स्क्रिप्टवर पडून राहिला तर पैसे गेले आणि वेळही गेला, कारण स्पेशल एडच्या प्रोग्रॅममध्ये फ्री इलेक्टिव्हला जागाच नसते जवळजवळ.

माझं हेच झालं. मलाही असाच अर्ली चाइल्डहूडचा प्रोग्रॅम दिला होता, लहान मुलांबरोबर काम करायचंय ना मग हाच घे असं सांगून, आणि मी आनंदाने घेतला, सगळ्यात ए ग्रेड मिळवली. तीन सेमिस्टर झाल्यावर युनिव्हर्सिटीच्या ओपन हाऊसला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी माझा कागद बघून शांतपणे विचारलं की हा एएएस आहे हे तुम्हाला माहितीये ना. मला एए, एएस आणि एएएस ह्या कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रींमध्ये फरक असतो हेच माहीत नव्हतं. एका "ए"ने दीड वर्ष खाल्लं. घरी येऊन रडले, मग बदलला.

तर तो फरक असा. न्यू जर्सीत २००७ साली कायदा झालाय, आणि त्यावरून सगळ्या कम्युनिटी कॉलेजेस आणि सरकारी चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीजमध्ये राज्यभराचा ट्रान्सफर करार आहे. एए किंवा एएस डिग्री पूर्ण करून सरकारी युनिव्हर्सिटीत गेलीस, म्हणजे कीन, मॉन्टक्लेअर स्टेट, रोवन, विल्यम पॅटरसन, टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी), रटगर्स वगैरे, तर ती पूर्ण डिग्री पहिली दोन वर्षं म्हणून धरतात आणि जनरल एज्युकेशनचा भाग झाला असं मानतात. एएएस मात्र नोकरीला लागायची डिग्री आहे, डे-केअर, प्रीस्कूलमधली असिस्टंट वगैरे, तिला हा करार लागू नाही. त्यातले कोर्स एकेक करून तपासतात आणि बरेच गळतात. म्हणून ॲडव्हायझरला पहिला प्रश्न हा विचार की हा प्रोग्रॅम एए आहे, एएस आहे की एएएस. अर्ली चाइल्डहूड वाईट नाही गं, त्याचा एएस असेल आणि तुला प्रीस्कूलमध्येच जायचं असेल तर चांगला आहे, पण नावावर जाऊ नकोस, शेवटची अक्षरं वाच.

अजून दोन गोष्टी ह्या कराराबद्दल. एक, डिग्री पूर्ण करून जा. लोक ४५ क्रेडिट झाले की घाई करतात, युनिव्हर्सिटीत जायची हौस असते, पण डिग्री हातात नसेल तर करार तुझं पूर्ण रक्षण करत नाही, मग पुन्हा एकेक कोर्स तपासणं आलं. दोन, करार क्रेडिटचा आहे, प्रवेशाचा नाही. युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळणं ही एक पायरी आणि टीचर एज्युकेशनच्या प्रोग्रॅममध्ये घेणं ही वेगळी पायरी, त्याचा वेगळा फॉर्म, वेगळी तारीख, बहुतेक ठिकाणी ३.० जीपीए, कधी इंटरव्ह्यू, कधी निबंध. कित्येक मुली युनिव्हर्सिटीत पोचतात आणि मग कळतं की प्रोग्रॅमची तारीख फेब्रुवारीत होती, आता पुढच्या वर्षी. त्यात बरेच प्रोग्रॅम फक्त फॉलला, म्हणजे सप्टेंबरच्या सुमाराला, नवीन बॅच घेतात, म्हणून डिसेंबरमध्ये कम्युनिटी कॉलेज संपवलंस तर मधले आठ महिने कसे जातील ते आधीच विचार.

आता सर्टिफिकेट, कारण सगळं त्यावर उभं आहे. न्यू जर्सीत स्पेशल एडचं सर्टिफिकेट एकटं मिळत नाही. त्याला टीचर ऑफ स्टुडंट्स विथ डिसॅबिलिटीज म्हणतात, आम्ही टीएसडी म्हणतो, आणि ते दुसऱ्या एका शिकवायच्या सर्टिफिकेटच्या जोडीला मिळतं. ते दुसरं म्हणजे किंडरगार्टन ते सहावीचं एलिमेंटरी, किंवा प्रीस्कूल ते तिसरीचं, किंवा मॅथ-इंग्लिशसारखा एखादा विषय. म्हणजे तू एकाच वेळी दोन गोष्टींची टीचर होत असतेस. त्यातही एलिमेंटरीला राज्याची अट अशी की मेजर लिबरल आर्ट्स किंवा सायन्समधला हवा, किंवा त्या विषयांचे किमान ६० क्रेडिट हवेत, म्हणून इथल्या बऱ्याच मुली सायकॉलॉजी नाहीतर इंग्लिश मेजर घेतात आणि त्याच्या बरोबरीने एज्युकेशन करतात. काही युनिव्हर्सिटीत हा प्रोग्रॅम पाच वर्षांचा असतो, बॅचलर्स आणि लगेच मास्टर्स, काहींत चारच वर्षांत दोन्ही सर्टिफिकेटं होतात. फीचा आणि वेळेचा मोठा फरक पडतो, हे पहिल्या फोनमध्येच विचार.

तुझ्यासाठी मला काय वाटतं सांगू? एलिमेंटरी अधिक टीएसडी. तू मुलामुळे ह्यात येतेयस म्हणून तुला आत्ता फक्त लहान मुलं आणि ऑटिझमच दिसतंय, ते साहजिक आहे, पण तुला अजून माहीत नाही की तुला रिसोर्स रूम (मुलं थोडा वेळ वेगळ्या खोलीत येतात) आवडेल, इन-क्लास सपोर्ट (नेहमीच्या वर्गातच मदत) आवडेल की सेल्फ-कंटेन्ड (दिवसभर वेगळा) वर्ग. एलिमेंटरी असेल तर हे सगळे दरवाजे उघडे राहतात आणि चौथी-पाचवीची रीडिंगची अडचण असलेली मुलं, ज्यांना डिस्लेक्सिया असतो आणि सगळ्यांनी आळशी ठरवलेलं असतं, ती पण तुझ्या वाट्याला येतील. मी त्यांच्यातच रमले, जाताना मनात फक्त ऑटिझम होता.

मग कम्युनिटी कॉलेजात नक्की काय घ्यायचं? सायकॉलॉजी, इंग्लिश किंवा लिबरल आर्ट्सचा एए, एज्युकेशनचा पर्याय असला तर तो. त्यात इंग्लिश कॉम्पोझिशन एक आणि दोन, इंट्रो सायकॉलॉजी, चाइल्ड डेव्हलपमेंट किंवा डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी, अमेरिकन हिस्टरी, लॅबवालं एक सायन्स, पब्लिक स्पीकिंग. पब्लिक स्पीकिंग टाळू नकोस, मला माहितीये उच्चारांची भीती वाटते, पण वर्षाला पंचवीस आयईपी (एकेका मुलाचा खास शिक्षण-आराखडा) मीटिंगमध्ये बोलायचं असतं तिथे हाच कोर्स आठवतो. मॅथमध्ये मात्र थांब आणि विचार. कुणाला स्टॅटिस्टिक्स हवं असतं, कुणाला कॉलेज अल्जिब्रा, कुणाला एलिमेंटरी टीचर्ससाठीचं खास मॅथ. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, तू बी.कॉम.ची आहेस, गणित जमतंय म्हणून आधी एक उरकून टाकते असं करू नकोस.

एज्युकेशनचे कोर्स एक, फार तर दोन घे. इंट्रोडक्शन टू एज्युकेशन घे कारण त्यात शाळेत बसून निरीक्षण करायचे तास असतात. पण एज्युकेशनल सायकॉलॉजी, इन्क्लुजनचे कोर्स वगैरे घेण्याआधी युनिव्हर्सिटीला विचार, कारण कम्युनिटी कॉलेजात तो दोनशेच्या नंबरचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा असतो आणि युनिव्हर्सिटीत तीनशेच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा, मग तुझा इलेक्टिव्हमध्ये जातो आणि तोच विषय पुन्हा करावा लागतो, पुन्हा पैसे भरून. एनजे ट्रान्सफर नावाची साइट आहे, त्यात तुझं कॉलेज, तुझा कोर्स आणि युनिव्हर्सिटी टाकली की तो तिकडे काय म्हणून धरला जातो ते दिसतं, दर सेमिस्टरला नाव नोंदवायच्या आधी बघत जा. आणि युनिव्हर्सिटीच्या ट्रान्सफर ऑफिसला ईमेल करून विचार, फोनवर नको. उत्तराची प्रिंट काढून फाइलला लाव. पुढे माणसं बदलतात, कॅटलॉग बदलतो, तेव्हा तो कागदच कामाला येतो. मी अशी एक जाड फाइल ठेवली होती आणि तिच्या जोरावर सहा क्रेडिट परत मिळवले.

कम्युनिटी कॉलेजच्या ॲडव्हायझरवर रागावू नकोस हां. तिला तिच्या कॉलेजचे प्रोग्रॅम माहीत असतात, पलीकडच्या प्रत्येक युनिव्हर्सिटीचं स्पेशल एड कसं बांधलंय हे माहीत असणं तिच्या कामात बसत नाही. ती माहिती तूच आणायचीस.

परीक्षांबद्दल जुनी माहिती खूप फिरतेय म्हणून लिहिते. आधी टीचर प्रोग्रॅमला घेण्यासाठी प्रॅक्सिस कोअर द्यावी लागायची, ती मूलभूत वाचन-लेखन-गणिताची अट न्यू जर्सीने काढली, १ जानेवारी २०२५ पासून. एडटीपीए नावाचं मोठं पोर्टफोलिओचं प्रकरण होतं, ते सर्टिफिकेटसाठी आवश्यक नाही असा कायदा २०२२ च्या डिसेंबरमध्ये झाला. पण विषयाची प्रॅक्सिस आहेच. एलिमेंटरीसाठी वाचन-भाषा, गणित, सोशल स्टडीज आणि सायन्स असे चार भाग असतात, आणि आपल्याकडच्या बायका अडतात त्या सोशल स्टडीजमध्ये, कारण अमेरिकन हिस्टरी आणि सिव्हिक्स आपण शाळेत शिकलेलोच नसतो. म्हणून वर अमेरिकन हिस्टरी घे म्हटलं, एका दगडात दोन पक्षी.

जीपीएचं एक ध्यानात ठेव. ट्रान्सफर झाल्यावर सहसा क्रेडिट येतात पण ग्रेड येत नाहीत, नव्या युनिव्हर्सिटीचा जीपीए शून्यापासून सुरू होतो. म्हणजे तिकडचं पहिलं सेमिस्टर फार जपून करायचं. तेव्हाच पाच कोर्स, नोकरी आणि घर सगळं एकदम उचलून २.८ आला तर सावरायला वर्ष जातं.

पैशाचं. तुझी बी.कॉम. अर्धी राहिली ह्याचं तुला वाईट वाटतंय असं लिहिलंयस, पण इथे त्याचा एक फायदा आहे. पेल ग्रँट, म्हणजे फेडरल सरकारची परत न करायची मदत, ज्यांची पहिली बॅचलर्स डिग्री झालेली नाही त्यांनाच मिळते, आणि भारतातली पूर्ण डिग्रीही त्यात धरतात. तुझी झालेली नाही आणि ग्रीन कार्ड आहे, म्हणजे तू फॅफ्सा हा सरकारी मदतीचा फॉर्म भरू शकतेस, उत्पन्नात बसलीस तर पेल मिळेल. शिवाय राज्याची कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट आहे, कुटुंबाचं उत्पन्न ६५,००० डॉलरपर्यंत असेल तर बाकीची मदत वजा करून उरलेली कॉलेजची फी ती भरते, त्याच्या वरच्या काही उत्पन्नगटांनाही थोडी कमी मदत आहे. नवरा आयटीत असेल तर बसणार नाही कदाचित, तरी फॅफ्सा भर, कारण बाकीच्या मदतीचं दारही तिथूनच उघडतं.

टीच ग्रँटबद्दल मात्र सावध करते. कागदावर वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत मिळतात आणि स्पेशल एड त्यात बसतं, पण बदल्यात डिग्रीनंतर ८ वर्षांत ४ वर्षं कमी उत्पन्नाच्या भागातल्या शाळेत शिकवायचं असतं. नाही जमलं तर सगळी ग्रँट कर्ज होते, आणि व्याज घेतल्या दिवसापासूनचं. तुझ्या घराजवळच्या बऱ्याच शाळा त्या यादीत नसतील. तुझी न्यूअर्क, पॅटरसन, पर्थ अँबॉयसारख्या ठिकाणी जायची तयारी असेल तर जरूर घे, तिथे चांगल्या स्पेशल एड टीचरची फार गरज आहे आणि ते काम मोलाचं आहे. पण मुलाच्या थेरपीच्या वेळा सांभाळून रोज तेवढं जाणं जमेल का हे आज प्रामाणिकपणे बघ. कर्ज घेतलंस तर, अशाच शाळेत सलग पाच वर्षं केली की स्पेशल एड टीचरला १७,५०० डॉलरपर्यंत फेडरल कर्ज माफ होतं, तो पर्याय नंतरही उघडा राहतो.

(ज्यांची भारतातली डिग्री पूर्ण आहे आणि हे वाचतायत त्यांच्यासाठी: तुम्ही कम्युनिटी कॉलेजात पुन्हा दोन वर्षं घालायच्या आधी डिग्रीचं मूल्यांकन करून घ्या. तीन वर्षांची डिग्री काही संस्था इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची मानतात, काही नाही मानत. मानली गेली तर ऑल्टरनेट रूट (शिकवता शिकवता सर्टिफिकेट मिळवणं) किंवा सरळ मास्टर्स हा जवळचा रस्ता आहे.)

आणि हो, तुझी बे एरियातली नणंद सांगतेय की बॅचलर्स काहीही कर, क्रेडेन्शियल नंतर वेगळं करायचं असतं. ती चुकत नाहीये, कॅलिफोर्नियात बहुतेक तसंच चालतं, तिथे एज्युकेशन स्पेशलिस्ट क्रेडेन्शियल बहुतेक जणी बॅचलर्सनंतर करतात, एकत्र करायचे प्रोग्रॅमही आहेत पण ते नंतर आले. ते राज्य वेगळं, हे वेगळं. टीचर सर्टिफिकेट हा पूर्ण राज्याचा विषय आहे, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या कोणाच्याही सल्ल्यावर कोर्स निवडू नकोस, कितीही जवळची असली तरी.

आरबीटी की पॅरा? पॅरा. आरबीटीचं ४० तासांचं ट्रेनिंग आहे, परीक्षा आहे, काम चांगलं आहे आणि बऱ्याचदा पैसे तासाला जास्त मिळतात, पण ते एका मुलाबरोबरचं, एबीए ह्या वर्तन-थेरपीचं, बरंचसं घरी किंवा सेंटरमध्ये असतं आणि तासही कमी-जास्त होतात, मूल आजारी पडलं की तुझी शिफ्ट गेली. तुला शाळा बघायचीये. सकाळी बस येते तेव्हा कोण उतरतं, कोण उतरायला नाही म्हणतं, फायर ड्रिलच्या आवाजाने वर्गाचं काय होतं, टीचर दोन पॅरांना काम कसं वाटून देते, जेवणाच्या वेळी बोलायला मदत करणारं एएसी डिव्हाइस कोणी बाजूला ठेवलं म्हणून मूल का चिडलं. हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. मी चार वर्षं पॅरा होते, आजही वर्गात काही बिनसलं की मला पॅराच्या खुर्चीतून आधी दिसतं, टीचरच्या टेबलावरून नंतर. टायटल वनच्या (गरीब घरातल्या मुलांसाठी फेडरल पैसे मिळणाऱ्या) शाळेत पॅराला दोन वर्षांचं कॉलेज किंवा असोसिएट डिग्री किंवा पॅराप्रो परीक्षा लागते, पुण्याची दोन वर्षं त्यात धरली जातीलच असं नाही, म्हणून पॅराप्रो दे, अवघड नाहीये. आणि ६० क्रेडिट झाले की सब्स्टिट्यूटचं, म्हणजे बदली टीचरचं सर्टिफिकेट काढ, म्हणजे वेगवेगळ्या शाळा आतून बघायला मिळतील. दोन्हीला फिंगरप्रिंट लागतात, त्याला वेळ लागतो, आधी करून ठेव.

फक्त मुलाच्या शाळेत नको. हे जोर देऊन सांगतेय. तू तिथे पॅरा असशील आणि त्याच चाइल्ड स्टडी टीमसमोर (मुलाचं मूल्यांकन करणारी शाळेची टीम) आई म्हणून बसशील, तर भांडायची वेळ आली की जीभ अडेल. आपल्या मुलासाठी भांडता आलंच पाहिजे.

आणि मुलाबद्दलच अजून एक, मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्याकडे जे आहे ते फार मोठं आहे, सहा वर्षं तू जे रोज बघतेयस ते माझ्या स्टुडंट टीचर्सना पुस्तकातून कळत नाही. पण ते एका मुलाचं ज्ञान आहे. फेडरल कायद्यात, आयडीइएमध्ये, १३ प्रकारच्या डिसॅबिलिटी आहेत आणि ३ वर्षांपासून २१ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. माझ्या वर्गात पहिल्या वर्षी एक मुलगा होता, अगदी माझ्या भाच्यासारखा, हात हलवायची लकब तीच, आवडीची ट्रेन तीच, आणि मी भाच्यावर चालणारं सगळं त्याच्यावर करून बघितलं. काहीच चाललं नाही. महिनाभर मी त्याला बघतच नव्हते, भाच्याला बघत होते. शेवटी एक जुनी पॅरा म्हणाली, त्याला विचार ना त्याला काय हवंय. तेव्हापासून डेटा शीट घेऊन बसले की आधी आठवडाभर नुसतं बघते, शिकवत नाही. प्रोग्रॅमच्या निबंधातही फक्त मुलाची गोष्ट लिहू नकोस, निम्मे अर्ज तसेच असतात, तू त्याच्यामुळे ह्यात आलीस हे एका परिच्छेदात लिही आणि मग दुसऱ्यांच्या मुलांबरोबर काय केलंस ते लिही. त्यासाठीही पॅराचं काम हवं.

काम कसं आहे तेही ऐक, कारण लोक मुलांना घाबरतात आणि प्रत्यक्षात दमवतात ते कागद आणि मोठी माणसं. प्रत्येक मुलाचा आयईपी वर्षातून निदान एकदा नव्याने, दर तीन वर्षांनी पुन्हा मूल्यांकन, मध्ये प्रोग्रेस रिपोर्ट, बिहेवियर प्लॅन, जनरल एडच्या टीचरशी बोलणी, केस मॅनेजरचे ईमेल. लिहिता येणं फार महत्त्वाचं आहे. "प्रगती चांगली आहे" असं लिहून चालत नाही, "पाच पैकी चार वेळा, एका तोंडी सूचनेने" असं लिहावं लागतं. म्हणून इंग्लिश कॉम्पोझिशनमध्ये नुसती पास होऊ नकोस, रायटिंग सेंटरमध्ये दर आठवड्याला जा, फुकट असतं.

पण तुझी इथे किती गरज आहे ते मी रोज बघते. आपल्या भागात मराठी, गुजराती, तेलुगू, तमिळ घरं इतकी, आणि टेबलाच्या पलीकडे बहुधा एकही माणूस आपल्यातला नसतो. एका मीटिंगला एक आजी आल्या होत्या, आईवडील दोघं कामावर. साताऱ्याकडच्या, मी पण तिकडचीच. सगळे भराभर बोलत होते, त्या नुसत्या मान हलवत होत्या. मी थांबवलं आणि मराठीत विचारलं, आजी, काय कळलं? त्या म्हणाल्या, "पोरगं शिकंल का नाही तेवढं सांग." त्या दिवशी ती मीटिंग पुढे ढकलली आणि रीतसर दुभाषा बोलावला. पालकांना समजेल अशा भाषेत मीटिंग करणं ही शाळेची जबाबदारी आहे, कायद्यात आहे, फक्त कोणीतरी मागावं लागतं. आणि मुलाशी घरी मराठी बोलणं बंद करायला कोणी सांगितलं असेल तर ऐकू नकोस, दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही, आणि आजी-आजोबांशी बोलायची त्याची भाषा तीच आहे.

वेळेचा हिशोब खोटा करू नकोस. सेमिस्टरला ९ क्रेडिट आणि उन्हाळ्यात एखादा कोर्स धरला तर असोसिएटला तीन वर्षं, पुढे अडीच. शेवटचं वर्ष सगळ्यात अवघड कारण क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे शाळेतलं स्टुडंट टीचिंग, दोन सेमिस्टरची असते, पहिल्यात किमान १७५ तास आणि दुसऱ्यात रोज पूर्ण दिवस, शाळेच्या वेळेप्रमाणे, बहुतेक ठिकाणी बिनपगारी. तेव्हा पॅराची नोकरी चालू ठेवता येत नाही सहसा. काही डिस्ट्रिक्ट स्वतःच्या पॅराला तिथेच स्टुडंट टीचिंग करू देतात, तुझ्या डिस्ट्रिक्टला आणि युनिव्हर्सिटीला दोघांना आधी विचार. मी त्या सहा महिन्यांसाठी चार वर्षं पॅराच्या पगारातले पैसे बाजूला टाकत होते, आणि सासूबाई सहा महिने इकडे येऊन राहिल्या म्हणून झालं. नवऱ्याशी हे आत्ताच बोल, पाचव्या वर्षी नको.

राहिले पुण्याचे मार्क. दोन वर्षांचे कोर्स इथे मोजले जाऊ शकतात, त्यासाठी कोर्स-बाय-कोर्स मूल्यांकन करून घ्यावं लागतं, नुसतं डॉक्युमेंटचं साधं मूल्यांकन करू नकोस, ते ह्यासाठी उपयोगाचं नाही. पण अपेक्षा बेताची ठेव. अकाउंट्स, कॉमर्सचे पेपर बिझनेस इलेक्टिव्ह म्हणून येतील आणि वर म्हटलं तसं त्यांना जागा नाही. इकॉनॉमिक्स सोशल सायन्समध्ये बसू शकतं, गणित किंवा स्टॅटिस्टिक्स असेल तर बघ, इंग्रजी बहुधा पुन्हा करावं लागेल. दोन-तीन कोर्स वाचले तरी हजार-दीड हजार डॉलर आणि तुझ्या वेगाने जवळजवळ एक सेमिस्टर वाचलं. आणि कम्युनिटी कॉलेजने मान्य केलं म्हणजे युनिव्हर्सिटी तेच मान्य करेल असं नाही, ती मूळ कागद पुन्हा मागू शकते. म्हणून भाऊ पुण्यात आहे म्हणालीस ना, त्याला युनिव्हर्सिटीत पाठव आणि ट्रान्स्क्रिप्टच्या एकदम चार सीलबंद प्रती काढायला सांग, पाकिटाच्या तोंडावर शिक्का असलेल्या. एक मूल्यांकनाला जाईल, बाकीच्या तीन कपाटात ठेव. आणि घरी आल्यावर आत नीट आहे ना म्हणून फोडून बघू नकोस, फोडलेलं पाकीट इथे कोणी घेत नाही.